वक्तृत्वशास्त्राची परिभाषा आणि शाळेतील वाचक

१

परिभाषेचे ज्ञान आणि वाङ्मयाचे ज्ञान ह्यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा संस्कृत अलंकारग्रंथांच्या निमित्ताने चर्चिला जातो. तोच प्रश्न अमेरिकेतील माध्यमिक शाळांत, अगदी निराळ्या परिस्थितीत, दरवर्षी लक्षावधी विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो. तेथे त्याला शास्त्रार्थाचे रूप नसून परीक्षेचे आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेली अडचण आपल्या ओळखीची आहे, आणि म्हणूनच त्या अनुभवाचे परिशीलन भारतीय भाषांतील अभ्यासकांनी करणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

१९०० साली स्थापन झालेल्या कॉलेज बोर्ड ह्या संस्थेने १९५५-५६ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ ह्या नावाने एक योजना सुरू केली. शाळेत असतानाच महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास करण्याची संधी विद्यार्थ्याला मिळावी, हा तिचा हेतू. प्रारंभी इंग्रजीची एकच परीक्षा असे. १९८० पासून तिच्या दोन शाखा झाल्या : एक ‘साहित्य आणि रचना’, दुसरी ‘भाषा आणि रचना’. पहिलीत कविता, कथा, नाटक. दुसरीत मुख्यतः भाषणे, पत्रे, निबंध, आत्मकथने. ह्या दुसऱ्या शाखेत वक्तृत्वशास्त्राला मध्यवर्ती स्थान आहे. सोळा-सतरा वर्षांची मुले तेथे ॲरिस्टॉटलच्या तीन प्रत्ययसाधनांपासून अनॅफोरापर्यंत अनेक ग्रीक संज्ञा शिकतात. अखेरीस सव्वातीन तासांच्या परीक्षेत पंचेचाळीस वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवून तीन निबंध लिहितात. त्यांपैकी एका निबंधात दिलेल्या गद्य उताऱ्याचे वक्तृत्वशास्त्रीय विश्लेषण करावयाचे असते.

येथे एक गोष्ट प्रथमच नमूद करणे न्याय्य होईल. अलंकारांची नावे ओळखली म्हणजे विश्लेषण झाले, असे परीक्षकांचे म्हणणे नाही. २०१९-२० ह्या शैक्षणिक वर्षापासून लागू झालेल्या गुणदानपद्धतीत निबंधास एकूण सहा गुण आहेत. एक प्रतिपाद्य विधानासाठी, चार पुरावा व त्यावरील भाष्य ह्यांसाठी, आणि एक ‘सोफिस्टिकेशन’, म्हणजे विचाराच्या प्रगल्भतेसाठी. नुसत्या नामकरणाला ह्यांत वेगळा गुण नाही. तरीही वर्गावर्गांतून संज्ञांच्या लांबलचक याद्या पाठ होतात, आणि उताऱ्यात शिरताच विद्यार्थ्याची दृष्टी नावे शोधू लागते. अधिकृत उद्दिष्ट एक आणि प्रत्यक्ष सवय दुसरी, असे का व्हावे? शिक्षकांच्या आळसाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणार नाही. त्याचे उत्तर वक्तृत्वशास्त्राच्या इतिहासात आहे.

२

ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक प्रसंगी पटवून देण्याची कोणकोणती साधने उपलब्ध आहेत हे पाहण्याची शक्ती म्हणजे वक्तृत्वशास्त्र. ह्या व्याख्येत ‘प्रसंग’ आणि ‘पाहणे’ ह्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. त्याच्या ग्रंथाच्या तीन भागांपैकी शैलीचा विचार येतो तो तिसऱ्यात. तत्पूर्वी दुसऱ्या भागात त्याने भावनांचे जे विवेचन केले आहे ते पाहण्यासारखे आहे. क्रोध मनाच्या कोणत्या अवस्थेत येतो, कोणाविरुद्ध येतो, कोणत्या कारणांनी येतो, असे तिपेडी प्रश्न तो विचारतो. वक्त्याचे शील हेदेखील त्याच्या दृष्टीने भाषणातूनच प्रतीत व्हावयास हवे; पूर्वकीर्तीवर विसंबून चालत नाही. पुढे रोमन परंपरेने ह्या शास्त्राची पाच अंगे ठरविली : विषयशोध, मांडणी, शैली, स्मरण आणि सादरीकरण. अलंकार हे पाचांतील केवळ एका अंगाचे उपांग होते.

सोळाव्या शतकात पेत्रुस रामुस ह्या फ्रेंच पंडिताने विषयशोध आणि मांडणी ही अंगे तर्कशास्त्राच्या स्वाधीन केली. वक्तृत्वशास्त्राकडे मुख्यतः शैली आणि सादरीकरण उरले. शाळांना हे सोयीचे झाले, कारण शैलीची यादी करता येते, प्रसंगाची करता येत नाही. १५८९ साली जॉर्ज पटनमने इंग्रजी काव्यकलेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ग्रीक अलंकारांना देशी नावे देण्याचा प्रयत्न आहे. आयरनीला त्याने ‘कोरडी थट्टा’ म्हटले, अतिशयोक्तीला ‘मोठ्याने खोटे बोलणारी’. ही नावे रुजली नाहीत, परंतु त्यांत एक मर्म होते. पटनमचे नाव अलंकाराला माणसासारखे बोलते-वागते करते. ग्रीक नाव त्याला काचेच्या पेटीत ठेवते. आज अमेरिकन शाळेत जे पाठ केले जाते ते काचेच्या पेटीतील नाव होय.

विसाव्या शतकात ह्या संकोचाविरुद्ध प्रतिक्रिया झाली. आय. ए. रिचर्ड्‌सने १९३६ च्या आपल्या व्याख्यानग्रंथात वक्तृत्वशास्त्राला गैरसमजांचा आणि त्यांवरील उपायांचा अभ्यास मानले. केनेथ बर्कने १९५० मध्ये ‘पटवून देणे’ ह्याच्या जागी ‘तादात्म्य साधणे’ ही कल्पना मध्यभागी आणली. लॉइड बिट्झरने १९६८ मधील आपल्या निबंधात बोलण्याला भाग पाडणाऱ्या प्रसंगाचे स्वरूप तपासले. अमेरिकन शालेय अभ्यासक्रमाची आजची चौकट ह्या पुनरुज्जीवनाची वारस आहे, आणि ‘वक्तृत्वप्रसंग’ ही तिची पहिली कल्पना आहे. तेव्हा त्या वर्गात दोन वारसे एकाच बाकावर बसतात : रामुसनंतरची याद्यांची परंपरा आणि बर्क-बिट्झर ह्यांची प्रसंगाची परंपरा. परीक्षेची वेळ जवळ आली की पहिली परंपरा दुसरीला बाकावरून ढकलते, कारण तिचे पाठांतर होऊ शकते.

आपल्याकडे निराळे काय घडले? शालेय मराठीत उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपह्नुती हे अलंकार क्रमाने शिकविले जातात. मुख चंद्रासारखे आहे, मुख जणू चंद्रच, मुखचंद्र, हे मुख नव्हे, चंद्रच. वस्तुतः ही श्रद्धेची चढती श्रेणी आहे. साम्य दिसते, मग ते खरे असावे असे वाटते, मग भेद मिटतो, आणि शेवटी प्रत्यक्षालाच नकार दिला जातो. मनाचा एवढा प्रवास चार वाक्यांत दाखविणारे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. परंतु वर्गात त्याचे रूपांतर खुणेच्या शब्दांत होते. ‘सारखे’ दिसले की उपमा, ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा. अमेरिकन विद्यार्थी ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसताच सिमिली म्हणून मोकळा होतो, त्यात आणि ह्यात अंतर नाही.

३

भाषांतरकाराला ह्या परिभाषेकडे पाहण्याची एक वेगळी सोय असते. संज्ञा दुसऱ्या भाषेत नेऊ लागताच तिच्यात काय दडले आहे ते उघड होते. विंदा करंदीकरांनी १९५७ साली ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, तेव्हा त्या ग्रंथाला काव्यशास्त्र हे नाव सहज मिळाले. ‘रेटरिक’ला तसे निर्विवाद नाव आजही नाही. ‘वक्तृत्वशास्त्र’ म्हणावे तर लिखित पत्र त्याबाहेर राहते. ‘अलंकारशास्त्र’ म्हणावे तर रामुसचा संकोच आपण आपल्या भाषेत कायम करतो. शिवाय संस्कृत अलंकारशास्त्र हे काव्याचे शास्त्र आहे. त्याचा अधिकारी सहृदय आहे, न्यायासनावर बसलेला निर्णायक नव्हे. पटवून देण्याच्या व्यवहाराचा विचार आपल्याकडे अन्यत्र झाला : न्यायदर्शनातील वाद, जल्प, वितंडा ह्या भेदांत, आणि कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील शासनाधिकार ह्या प्रकरणात.

दुसऱ्या अधिकरणातील हे दहावे प्रकरण राजपत्रांच्या लेखनाविषयी आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व हे पत्राचे सहा गुण तेथे सांगितले आहेत. दोषांत ‘पुनरुक्त’ आहे, परंतु त्याचे लक्षण सावधपणे केलेले आहे : काही विशेष न आणता तेच पुन्हा म्हणणे हा दोष. म्हणजे विशेष येत असेल तर पुनरुक्ती दोष ठरत नाही. अमेरिकन वर्गातील अनॅफोरा ह्या संज्ञेला ह्याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

उदाहरणार्थ, फ्लॉरेन्स केली हिचे २२ जुलै १९०५ रोजी फिलाडेल्फिया येथे स्त्रीमताधिकार परिषदेत झालेले बालमजुरीविरोधी भाषण घ्या. २०११ च्या परीक्षेत ते विश्लेषणासाठी होते. आपण झोपलेलो असताना लहान मुली गिरणीत रात्रभर राबत आहेत, हे ती पुन्हा पुन्हा आठवून देते. ‘येथे अनॅफोरा आहे’ एवढे म्हणून थांबणाऱ्याने काही सांगितले नाही. प्रत्येक आवृत्तीत विशेष कोणता आला, हा खरा प्रश्न. मुलींच्या श्रमाची नवी माहिती येत जाते आणि शब्द तेच राहतात. त्यामुळे ‘आपली झोप’ ही आधी केवळ वेळ दाखविणारी बाब असते ती हळूहळू अपराध होऊन बसते. समोर बसलेल्या स्त्रियांना मताधिकार नव्हता हे लक्षात घेतले, म्हणजे त्या अपराधभावनेला वाट कोठे करून द्यावयाची हा केलीपुढचा प्रश्नही कळतो. म्हणूनच शेवटी ती मताधिकार असलेल्या कामकरी पुरुषांना सोबत घेण्याच्या गोष्टीकडे वळते. पुनरुक्तीचे कार्य मांडणीशी आणि मांडणीचे प्रसंगाशी असे जोडलेले आहे.

दुसरी संज्ञा ‘टोन’. अमेरिकन शिक्षक तिच्यासाठी विशेषणांच्या याद्या देतात : उपहासात्मक, गंभीर, तळमळीचा, तटस्थ. मराठीत ‘सूर’ म्हणावे तर लेखनापेक्षा गायन आठवते. संस्कृतातील ‘काकु’ हा शब्द अधिक उपयोगी आहे. काकु म्हणजे ध्वनीचा असा विकार की ज्यामुळे त्याच शब्दांचा अर्थ पालटतो. येथे स्वराचे वर्णन पुरत नाही. त्याने अर्थात कोणता फरक पडला ते सांगावे लागते. विशेषणाच्या यादीतून हे दायित्व सुटते आणि काकूच्या कल्पनेत ते अंगभूत असते.

परंतु सर्वांत लक्षणीय साम्य मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त आढळते. तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजना कशाकशाच्या वैशिष्ट्याने संभवते ह्याची त्याने गणना केली आहे : वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला सांगावयाचे तो, काकु, वाक्य, वाच्यार्थ, अन्यसंनिधी म्हणजे तिऱ्हाइताची उपस्थिती, प्रस्ताव, देश, काल इत्यादी. ज्याला अमेरिकन अभ्यासक्रम ‘वक्तृत्वप्रसंग’ म्हणतो, त्याची ही अकराव्या शतकातील गणना आहे. तीत एक पद असे आहे की ज्याला शालेय इंग्रजी परिभाषेत स्वतंत्र नाव नाही. ते पद म्हणजे अन्यसंनिधी. ‘ऑडियन्स’ ह्या एका शब्दात ज्याला उद्देशून बोलावयाचे तो आणि ज्याच्या कानावर पडावे म्हणून बोलावयाचे तो, असे दोघे मिसळून जातात. मम्मटाने त्यांना वेगळे ठेवले. हा भेद केवळ काव्यातील नायिकेच्या संकेतवचनांपुरता नाही, हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

४

२०१९ सालच्या परीक्षेत महात्मा गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांना मिठाच्या सत्याग्रहापूर्वी लिहिलेल्या पत्राचा समारोपाचा भाग दिलेला होता. आपली बाजू मांडताना गांधी वक्तृत्वदृष्ट्या कोणत्या निवडी करतात त्याचे विश्लेषण करा, असा प्रश्न. मूळ पत्र २ मार्च १९३० चे आहे. भारताच्या स्वातंत्र्यलढ्यातील एक दस्तऐवज अमेरिकेतील शाळकरी मुलांनी चाळीसएक मिनिटांत उलगडावा, ही घटना स्वतःच विचार करण्याजोगी आहे.

सामान्य विद्यार्थी येथे काय करील ह्याची कल्पना करता येते. शीलाच्या रकान्यात नम्रता, भावनेच्या रकान्यात गरिबांचे हाल, तर्काच्या रकान्यात मिठावरील कर. परंतु पत्राचे बळ ह्या रकान्यांच्या भिंतींतून झिरपत राहते. आपल्याला ब्रिटिश लोकांचे हृदयपरिवर्तन करावयाचे आहे असे गांधी म्हणतात, आणि त्यासाठी योजलेला ‘कन्व्हर्जन’ हा शब्द आपण जाणूनबुजून वापरला असल्याचेही सांगतात. मराठी भाषांतरकारापुढे येथे तीन शब्द उभे राहतात : धर्मांतर, मतपरिवर्तन, हृदयपरिवर्तन. कोणताही एक निवडला तरी काही गळते. इंग्रजी शब्दाच्या मागे मिशनऱ्यांचा इतिहास आहे. भारतीयांचे ‘कन्व्हर्जन’ करण्यासाठी इंग्लंडहून माणसे आली होती. आता एक भारतीय तोच शब्द इंग्लंडकडे परत पाठवीत आहे. आणि ज्याला तो पाठविला जात आहे तो आयर्विन स्वतः धर्मनिष्ठ ख्रिस्ती आहे. ह्याला ‘डिक्शन’ असे नाव देता येईल. परंतु त्या नावाने फक्त दार कळते. आत जावयाचे तर वक्ता, बोद्धव्य, देश, काल ही सारी पदे हाताशी लागतात.

तसेच, कुटुंबातील अत्यंत प्रिय व्यक्तींविरुद्ध जे शस्त्र आपण वापरले तेच ब्रिटिशांविरुद्ध वापरीत आहोत, असे गांधी लिहितात. ‘ॲनॅलॉजी’ हे नाव येथेही लागू पडते. परंतु त्या साम्याने काय केले? सत्ताधाऱ्याला त्याने एकदम घरातला माणूस केले. घरच्या माणसाशी केलेल्या असहकारात वैर नसते, दुखावलेले प्रेम असते. आणि त्याला दडपशाहीने उत्तर देणारा स्वतःच घराबाहेर पडतो. पत्राच्या आरंभी व शेवटी येणारे ‘मित्र’ हे नाते ह्या साम्यामुळे शिष्टाचाराच्या पलीकडे जाते.

ह्या पत्राचा खरा उलगडा अन्यसंनिधीमुळे होतो. बोद्धव्य आयर्विन आहे. परंतु पत्र प्रसिद्ध व्हावयाचे आहे हे लेखकालाही ठाऊक आहे आणि वाचणाऱ्यालाही; किंबहुना व्हाइसरॉयला चर्चा हवी असेल तर प्रसिद्धी थांबविण्याची तयारी पत्रातच दर्शविलेली आहे. म्हणजे काँग्रेसचे कार्यकर्ते, इंग्लंडमधील सुजाण लोक, भारतातील सामान्य माणूस हे सर्व दाराआड उभे आहेत. पत्र देण्यासाठी रेजिनाल्ड रेनॉल्ड्‌स ह्या तरुण इंग्रजाची योजना करण्यात आली आणि तिचा उल्लेखही पत्रात आला. वक्तृत्वशास्त्राच्या कोणत्याही यादीत ‘दूताची निवड’ ही संज्ञा नाही. तरीही पत्राच्या आशयाचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते? ज्या ब्रिटिश मनाच्या परिवर्तनाची आकांक्षा पत्र धरते, त्या परिवर्तनाचा पुरावाच ते पत्र हातात घेऊन व्हाइसरॉयकडे गेला.

पत्राच्या आधीच्या भागात व्हाइसरॉयचा एकवीस हजार रुपयांहून अधिक मासिक पगार आणि सामान्य भारतीयाचे दोन आण्यांहूनही कमी दैनिक उत्पन्न ह्यांची तुलना आहे. समारोपातील मिठाच्या कराचा उल्लेख तिच्यावर उभा आहे. केवळ समारोपच वाचणाऱ्याला इमारतीचा कळस दिसतो, पाया दिसत नाही. हा दोष विद्यार्थ्याचा नसून उतारापद्धतीचा आहे. कौटिल्याच्या गुणांत अर्थक्रम आणि संबंध प्रथम येतात. ते तुकड्यात तपासता येत नाहीत.

आणखी एक वाक्य विचारात घेण्यासारखे आहे. हे पत्र म्हणजे धमकी नव्हे, असे गांधी सांगतात. आणि त्याच पत्रात कायदेभंगाची तारीखही देतात. याद्यांत वाढलेला विद्यार्थी लगेच म्हणेल : नाकारण्याच्या मिषाने धमकी दिली, ह्या युक्तीला शास्त्रात नाव आहे. तांत्रिकदृष्ट्या तो पूर्ण चुकलेला नाही. परंतु ते वाक्य युक्ती आहे की सत्य, हे वाक्यात शोधून सापडणार नाही. अटकेची वाट मोकळी आहे असे जो विरोधकाला आधीच सांगतो, आणि त्यासाठी स्वतः तयार असतो, त्याच्या तोंडी ते वाक्य वेगळे होते. वक्ता हा शब्दकौशल्य असलेला सज्जन असावा, ह्या क्विंटिलियनच्या आग्रहाचा अर्थ येथे लागतो. नाव त्या वाक्याचे कार्य सांगते. त्याची किंमत कशी चुकती झाली ते सांगू शकत नाही.

५

येथवर जे म्हटले त्यावरून संज्ञा टाकून द्याव्यात असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा होईल. संज्ञांवाचून वाचणारा मुलगा ‘लेखन ओघवते आहे’, ‘मनाला भिडते’ एवढेच म्हणतो. त्याच्याशी वादही करता येत नाही. संज्ञेमुळे निदान असहमतीला जागा होते : ही उपमा की उत्प्रेक्षा, हे साम्य की उपरोध, असे विचारता येते आणि दोघांना एकाच ओळीकडे बोट दाखविता येते. लोकशाहीत वाढणाऱ्या मुलाला जाहिरातीचे, निवडणुकीचे, सत्तेचे भाषण उलगडण्याची साधने हवीत. अमेरिकन शाळेने ती सर्वांच्या कक्षेत आणण्याचा जो प्रयत्न केला त्याचे मोल कमी नाही. आपल्याकडे कवितेच्या अलंकारांना शाळेत जागा आहे, परंतु भाषणाच्या, अग्रलेखाच्या, पत्राच्या युक्तिवादाला ती जवळजवळ नाही, ही गोष्ट ह्या तुलनेत आपल्या विरुद्ध जाते.

प्रश्न संज्ञांच्या संख्येचा नाही, त्यांच्या जागेचा आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या दुसऱ्या उद्द्योतात अलंकाराच्या योजनेविषयी कवीला जे सांगितले ते वाचकालाही लागू करता येईल. अलंकार मुख्य अर्थाचे अंग म्हणून यावा. योग्य वेळी तो घ्यावा, योग्य वेळी सोडावा. तो शेवटपर्यंत ताणण्याचा हट्ट धरू नये. विश्लेषणातही संज्ञा योग्य क्षणी घेता आणि योग्य क्षणी सोडता आली पाहिजे. ‘येथे अनॅफोरा आहे’ ह्या वाक्याने विवेचन सुरू व्हावे, संपू नये.

प्रगल्भतेच्या त्या सहाव्या गुणाबद्दल शिक्षकांत कुरकुर असते, आणि ती समजण्यासारखी आहे. औचित्य किंवा प्रगल्भता हे निबंधाचे एक वेगळे अंग नव्हे, ते सर्व अंगांतून प्रतीत होते. क्षेमेंद्राने औचित्याला रससिद्ध काव्याचे जीवित म्हटले ते ह्यासाठीच. त्याला स्वतंत्र गुण दिला की तेही मिळविण्याचे कृत्रिम उपाय निघतात. तथापि ह्या गुणामागील इच्छा खरी आहे. विद्यार्थ्याने उताऱ्याबाहेर उभे राहून त्याची यंत्रणा उकलण्यावर समाधान मानू नये, असेच परीक्षकालाही वाटते.

ही इच्छा पुरी होण्यास एकच मार्ग दिसतो. विद्यार्थ्याला प्रथम बोद्धव्य होऊ द्यावे. आयर्विनच्या जागी बसून त्याने ते पत्र वाचावे, आणि मग दाराआड उभ्या असलेल्या तिऱ्हाइताच्या जागी जाऊन पुन्हा वाचावे. आपण ह्याला काय उत्तर दिले असते, ह्या प्रश्नाने तो घेरला गेला की कोणत्या शब्दाने आपल्याला अडविले, कोणत्या साम्याने आपला बचाव काढून घेतला, हे तो स्वतःहून शोधू लागेल. त्या क्षणी शिक्षकाने नाव सांगावे. ते विसरले जाणार नाही. व्हाइसरॉयकडून त्या पत्राला चिटणिसामार्फत खेद व्यक्त करणारे चार ओळींचे उत्तर आले. ज्या वाचकाला ते उत्तर अपुरे का होते हे सांगता येते, त्याला वक्तृत्वशास्त्र समजले असे म्हणण्यास हरकत नाही, मग त्याला संज्ञा दहा येवोत की शंभर.